भाऊबंद आणि भाऊबंदकी

इब्न खलदून यांचा जन्म १ रमजान ७३२ हिजरी, म्हणजे २७ मे १३३२ रोजी ट्युनिस शहरात झाला. घर विद्वानांचे. पण ऐन तारुण्यात प्लेगने आई-वडील आणि अनेक शिक्षक हिरावून नेले. पुढची सुमारे पंचवीस वर्षे ते फेज, ग्रानाडा, बिजाया येथील दरबारांत वावरले. चिटणीस झाले, वकील म्हणून परराज्यांत गेले. एकदा जवळपास दोन वर्षे तुरुंगातही राहिले. सत्ता बनताना आणि मोडताना त्यांनी आतून पाहिली.

१३७५ मध्ये राजकारणाला कंटाळून ते आजच्या अल्जेरियातील एका किल्ल्यात जाऊन राहिले. तिथे ‘मुकद्दमा’ लिहिला. पहिला खर्डा पाच महिन्यांत. प्रश्न एकच होता : राज्ये का उभी राहतात आणि का कोसळतात? त्यांचे उत्तर ‘असबिया’, म्हणजे एकमेकांसाठी उभे राहण्याची बांधिलकी. कष्टात ती घट्ट होते, ऐषआरामात सैल पडते. मग खर्च वाढतो, कर वाढतात, तरी खजिना आटत जातो; आणि बाहेरून नवी, भुकेली टोळी येते. उर्दूतला ‘तअस्सुब’, म्हणजे पूर्वग्रह, याच धातूचा. मराठीतही ‘भाऊबंद’ आणि ‘भाऊबंदकी’ किती जवळ आहेत!

१३८२ मध्ये ते इजिप्तला गेले. इकडे तापीकाठच्या थाळनेरला मलिक राजा फारुकी यांनी त्याच वर्षी स्वतंत्र राज्य उभे केले. पुढे त्यांच्याच दोन मुलांत वाद पेटला आणि १४१७ मध्ये नासिर खानांनी माळव्याची मदत घेऊन भावाकडून थाळनेर घेतले. इब्न खलदून यांच्या हिशेबात घराणे साधारण तीन पिढ्या, १२० वर्षे टिकते. फारुकी १६०१ पर्यंत टिकले. हिशेब चुकला, पण भावांच्या भांडणाचा रोग त्यांनी बरोबर ओळखला होता.

कैरोत ते काझी झाले. नेमणूक आणि बडतर्फी वारंवार होत राहिली. कुटुंबाला घेऊन येणारे जहाज अलेक्झांड्रियाजवळ बुडाले. १४०१ मध्ये दमास्कसला तैमूरची भेट झाली. मार्च १४०६ मध्ये, रमजानच्या अखेरच्या दिवसांतच, त्यांचे निधन झाले.

आज आम्ही वर्गात एकोपा सांगणारा दुर्खीम एका तासाला आणि संघर्ष सांगणारा मार्क्स दुसऱ्या तासाला शिकवतो. इब्न खलदून यांनी दोन्ही एकाच ग्रंथात मांडले होते : ज्या धाग्याने माणसे बांधली जातात, त्याच धाग्याने ती दुसऱ्यांविरुद्धही उभी राहतात.