जेरोनिमो झेवियर

जेरोनिमो झेवियर (इ.स. १५४९, बेइरे, नवारा, स्पेन – इ.स. १६१७, गोवा) हे येशूसंघाचे स्पॅनिश धर्मोपदेशक व फारसी भाषेतील ग्रंथकार होते. मोगल बादशहा अकबर व जहांगीर यांच्या दरबारात त्यांनी सुमारे वीस वर्षे काढली. गोव्यात ज्यांचे अवशेष जतन केले आहेत ते संत फ्रान्सिस झेवियर आणि जेरोनिमो या दोघांच्या आडनावसारखेपणामुळे वाचकांचा गोंधळ होण्याचा संभव असतो. तथापि या दोघांचा काळ, कार्यक्षेत्र व कार्यपद्धती भिन्न होती.

नाव व घराणे

झेवियर हे मुळात नवारा प्रांतातील एका गढीचे नाव आहे. बास्क भाषेतील 'नवे घर' या अर्थाच्या शब्दांपासून ते आले. स्पॅनिशमध्ये आज त्याचा उच्चार 'हाविएर' व पोर्तुगीजमध्ये 'शाव्हिएर' असा होतो. मराठीत रूढ असलेले 'झेवियर' हे रूप इंग्रजीमार्गे आले. याच गढीत १५०६ मध्ये फ्रान्सिस यांचा जन्म झाला. जेरोनिमो हे नात्याने त्यांचे नातू लागत. त्यांचे जन्मनाव जेरोनिमो दे एस्पेलेता ई गोन्यी असे होते. १५६८ मध्ये येशूसंघात प्रवेश केल्यानंतरच्या काळात ते झेवियर या नावाने ओळखले जाऊ लागले. फ्रान्सिस १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील सांच्वान बेटावर वारले, तेव्हा जेरोनिमो अवघे तीन वर्षांचे होते.

गोवा व वसई

१५८१ मध्ये जेरोनिमो गोव्यास आले. पुढील काळात त्यांनी वसई व कोची येथील संघाच्या संस्थांचे प्रमुखपद सांभाळले आणि नंतर गोव्यातही जबाबदारीची पदे भूषविली. अकबराने गोव्याहून ख्रिस्ती विद्वान पुन्हा मागविल्यावर डिसेंबर १५९४ मध्ये त्यांची तिसऱ्या शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून रवानगी झाली. मानुएल पिन्येरो व बेंतो दे गोइश हे त्यांचे सोबती होते. मे १५९५ मध्ये हे तिघे लाहोरला पोहोचले.

मोगल दरबारात

लाहोरमध्ये जेरोनिमो यांनी फारसीचा अभ्यास सुरू केला. १५९७ मध्ये ते बादशहाबरोबर काश्मीरला गेले. तेथील भीषण दुष्काळ त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. दरबारातील धार्मिक वादविवादांत ते भाग घेत. अकबराला ख्रिस्ती चित्रे व ग्रंथ यांविषयी कुतूहल होते, परंतु त्याने धर्मांतर केले नाही. त्यामुळे शिष्टमंडळाचा मुख्य हेतू सफल झाला नाही.

असीरगडचा वेढा

१५९६ मध्ये चांदबिबीशी झालेल्या तहाने अहमदनगरच्या निजामशाहीकडून वऱ्हाड मोगलांकडे आले. शाहजादा मुराद याने बाळापूरजवळ शाहपूर येथे आपले ठाणे वसविले. त्याच्या मृत्यूनंतर अकबर स्वतः दक्षिणेत उतरला. त्या वेळी जेरोनिमो व गोइश हे बादशहाच्या छावणीबरोबर बुऱ्हाणपूरला आले. खानदेशच्या फारुकी सुलतानाचा असीरगड हा किल्ला हिवरखेड व नरनाळ्याच्या वायव्येस, त्याच सातपुड्याच्या रांगेत आहे. तो जानेवारी १६०१ मध्ये मोगलांच्या हाती आला.

किल्ला कसा पडला याविषयी दोन परस्परविरोधी वृत्तान्त आहेत. दरबारी फारसी इतिहासात किल्ल्यातील रोगराईवर भर आहे. जेरोनिमो यांच्या पत्रांवर आधारलेल्या ख्रिस्ती वृत्तान्तात मात्र सुलतान बहादूरशाह यास वाटाघाटीसाठी बोलावून अडकवून ठेवल्याचे व किल्लेदारांना द्रव्य देऊन फोडल्याचे म्हटले आहे. अकबराने पोर्तुगीज तोफा मिळवून देण्याची मागणी केली, ती जेरोनिमो यांनी नाकारली व काही काळ बादशहाचा रोष ओढवून घेतला, असेही त्यात नमूद आहे. फारुकी राज्याशी पोर्तुगीजांचा सलोखा होता, ही बाब या वृत्तान्ताचे मूल्यमापन करताना विचारात घ्यावी लागते. इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथ यांनी तो ग्राह्य मानला; त्यांच्या या मतावर पुढे आक्षेप घेण्यात आले.

ग्रंथरचना

अब्दुस्सत्तार बिन कासिम लाहोरी यांच्या साहाय्याने जेरोनिमो यांनी 'मिरआतुल्-कुद्स' हे येशूचे फारसी चरित्र १६०२ मध्ये पूर्ण करून अकबरास अर्पण केले. त्याची मोगल चित्रांनी सजविलेली एक प्रत अमेरिकेतील क्लीव्हलँड कलासंग्रहालयात आहे. १६३९ मध्ये लुई द ड्यू यांनी नेदरलँड्समधील लायडन येथे त्याचे लॅटिन भाषांतर टीकात्मक टिपांसह प्रसिद्ध केले. 'आईना-ए-हकनुमा' हा वादग्रंथ व 'आदाबुस्सल्तनत' हा राजनीतिविषयक ग्रंथ त्यांनी जहांगीरच्या काळात पूर्ण केला. पहिल्या ग्रंथाचे खंडन पुढे इराणमध्ये लिहिले गेले.

उत्तरायुष्य

१६१० मध्ये जहांगीरच्या संमतीने दिवंगत शाहजादा दानियाल याच्या तीन मुलांचा बाप्तिस्मा झाला. मात्र ते त्या धर्मात फार काळ राहिले नाहीत. १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी सुरतेजवळ राजमातेचे 'रहीमी' हे जहाज पकडल्यामुळे दोन्ही सत्तांमध्ये युद्ध जुंपले आणि दरबारातील धर्मोपदेशकांची स्थिती अवघड झाली. तह घडवून आणण्याच्या प्रयत्नांत जेरोनिमो यांचा सहभाग होता. त्यानंतर ते गोव्यास परतले व १६१७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. फ्रान्सिस यांना १६१९ मध्ये धन्य व १६२२ मध्ये संत घोषित करण्यात आले, तो समारंभ पाहण्यास जेरोनिमो हयात नव्हते.

समान नावाच्या व्यक्ती

फ्रान्सिस यांच्या संतपदानंतर झेवियर हे आडनाव व्यक्तिनाव म्हणूनही जगभर पसरले. गोव्यात ते दोन्ही प्रकारे आढळते. गावकरी संस्थांचा इतिहास लिहिणारे एकोणिसाव्या शतकातील गोमंतकीय लेखक फिलिप नेरी शाव्हिएर हे त्याचे एक उदाहरण होय. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या नावातील 'फ्रान्सिस' हेही याच संताच्या स्मरणार्थ ठेवलेले आहे. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय (स्थापना १८६९) फ्रान्सिस यांच्या नावाने आहे, जेरोनिमो यांच्या नव्हे. अकबरकालीन साधनांत केवळ 'पाद्री झेवियर' असा उल्लेख आल्यास तो जेरोनिमो यांचा समजावा. अकबर गादीवर येण्यापूर्वीच फ्रान्सिस यांचे निधन झाले होते.