टीएसए लॉकची दुसरी चावी अमेरिकन सरकारकडे असते, गोदरेजच्या कुलपात मात्र ती मालकाकडेच असायची

पुण्यातून लेकीकडे अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांच्या बॅगेत भाजणी, मेतकूट, बाकरवडी असा सगळा ऐवज असतो. आणि त्या बॅगेला असतं टीएसए लॉक.

९/११ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने सामानाची तपासणी कडक केली. २००३ पासून ही कुलपं आली. साधं कुलूप असेल तर तपासणी करणारे ते तोडू शकतात, टीएसए लॉक मात्र त्यांच्याकडच्या मास्टर कीने उघडतं. पण २०१४ मध्ये या चाव्यांचा फोटो एका अमेरिकन वृत्तपत्राने छापला आणि २०१५ मध्ये लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर तशाच चाव्या बनवल्या.

आपल्या कुलपाची चावी भलत्याच माणसाच्या हाती पडली तर काय करायचं?

या प्रश्नावर शंभरएक वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका माणसाने डोकं चालवलं होतं. त्यांचं नाव अर्देशीर गोदरेज.

१८६८ साली मुंबईच्या पारशी कुटुंबात जन्मलेले अर्देशीर वकील झाले. १८९४ मध्ये एका खटल्यासाठी ते झांझिबारला गेले. तिथे अशिलासाठी सत्य वाकवावं लागणार हे दिसल्यावर त्यांनी वकिलीच सोडली.

परत येऊन त्यांनी ३ हजार रुपये कर्ज घेतलं आणि शस्त्रक्रियेची अवजारं बनवायला घेतली. त्यावर भारतात बनल्याचा शिक्का हवाच, हा त्यांचा हट्ट. ब्रिटिश गिऱ्हाईक तयार होईना. धंदा बसला.

तेवढ्यात मुंबईतल्या घरफोड्यांची बातमी त्यांच्या वाचनात आली. १८९७ मध्ये लालबागच्या एका छोट्या शेडमध्ये त्यांनी कुलपं बनवायला सुरुवात केली.

त्यांच्या गॉर्डियन कुलपाला दोन चाव्या असायच्या. दोन्हींनी कुलूप उघडायचं. पण दुसऱ्या चावीने आतली रचनाच बदलता यायची, मग पहिली चावी बाद. डिटेक्टर नावाच्या कुलपात तर कुणी चुकीची चावी फिरवली की खटका बाहेर यायचा आणि मालकाला कळायचं, कुणीतरी हात लावलाय.

पुढे तिजोऱ्या आल्या, साबण आला. पैसा आला तसा तो देशासाठीही दिला. लोकमान्यांच्या नावाने उभारलेल्या टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले. १९२८ मध्ये धंदा धाकटे भाऊ पिरोजशा यांच्याकडे सोपवून ते नाशिकला शेती करायला गेले. १९३६ साली त्यांचं निधन झालं.

आज काही टीएसए लॉकवर मास्टर की फिरली की लाल खूण दिसते. म्हणजे डिटेक्टरचं काम होतं. पण ती मास्टर की बाद करणारी चावी प्रवाशाला मिळत नाही.

त्यामुळे बाकरवडी खुशाल मोठ्या बॅगेत भरा. दागिने मात्र हातातल्या बॅगेतच ठेवलेले बरे.