विल्यम हॉर्नडे व प्रेअरीवरील बायसन

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना, त्यांच्या हातून कधीं चूक झालीच नसावी असा आमचा समज होतो. ज्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों, ते विल्यम टेंपल हॉर्नडे यांच्याविषयीं मात्र तसें म्हणतां येत नाहीं. एका प्राणिजातीच्या अखेरच्या कळपांवर त्यांनीं स्वतः बंदूक चालविली, आणि पुढें तीच जात वांचविण्याकरितां आपलें आयुष्य वेंचलें.

हॉर्नडे यांचा जन्म १ डिसेंबर १८५४ रोजीं अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत झाला. मेलेल्या प्राण्यांचीं कातडीं भरून ते हुबेहूब उभे करण्याची कला त्यांनीं तरुणपणींच हस्तगत केली. नमुने मिळविण्यासाठीं १८७७ सालीं ते आपल्या देशांतही आले होते. यमुनेच्या कांठीं सुसरी व आनमलाईच्या अरण्यांत हत्ती त्यांनीं मारले. १८८२ सालीं वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय पदार्थसंग्रहालयांत या कामावरील मुख्य म्हणून त्यांची नेमणूक झाली.

अमेरिकेच्या मध्यभागीं, रॉकी पर्वताच्या पूर्वेस, शेंकडों कोस गवताळ मैदान पसरलेलें आहे. त्यास प्रेअरी म्हणतात. आमच्याकडील गव्याचा दूरचा भाऊबंद जो बायसन, तो या मैदानाचा राजा. उंच वशिंड, दाट आयाळ व प्रचंड मस्तक असलेला हा प्राणी एकेकाळीं कोट्यवधि संख्येनें तेथें चरत असे. कळप पुढें गेला कीं मागें कोंवळें गवत फुटे, आणि त्यावर इतर प्राणी पोसले जात. बायसन धुळींत लोळून जे खळगे करीत, त्यांत पावसाचें पाणी सांचे. लाकोटा, शायेन, कोमांची इत्यादि मूळच्या लोकांचें अन्न, वस्त्र व तंबू यांचा आधारही हाच प्राणी होता. परंतु आगगाडी आली, कातड्यांचा व्यापार वाढला, आणि १८७० नंतरच्या थोड्याच वर्षांत शिकाऱ्यांनीं मैदानें ओस पाडलीं. बायसन गेला, व त्याबरोबर त्या लोकांचें स्वातंत्र्यही गेलें.

१८८६ सालीं संग्रहालयांत बायसनचे चांगले नमुने नाहींत हें हॉर्नडे यांच्या ध्यानीं आलें. जात नष्ट होण्यापूर्वीं नमुने तरी मिळवावे म्हणून ते माँटानांत गेले. वसंत ऋतूंत एक वासरूं जिवंत सांपडलें. तें त्यांनीं वॉशिंग्टनला आणलें, पण तें जगलें नाहीं. शरद ऋतूंत पुन्हां जाऊन त्यांनीं वीसांहून अधिक बायसन मारविले. त्यांतील सहा, माँटानाच्या खऱ्या गवतासह, कांचेच्या मोठ्या पेटींत मांडले गेले. लोकांनीं वाहवा केली. पण हॉर्नडे यांच्या मनास चैन पडेना. त्यांनीं ठिकठिकाणीं पत्रें पाठवून गणना केली. १८८९ सालीं त्यांनीं जाहीर केलेला आंकडा होता अवघा १,०९१!

त्यानंतर त्यांनीं मेलेल्या प्राण्यांचें काम सोडून जिवंतांचें हातीं घेतलें. वॉशिंग्टनच्या प्राणिबागेच्या स्थापनेंत त्यांचा मोठा वांटा होता. १८९६ पासून तीस वर्षें ते न्यूयॉर्कच्या प्राणिबागेचे संचालक होते. १९०५ सालीं निघालेल्या अमेरिकन बायसन सोसायटीचे ते अध्यक्ष झाले. १९०७ सालीं न्यूयॉर्कमध्यें वाढलेले पंधरा बायसन आगगाडीनें ओक्लाहोमांतील विचिटा पर्वताकडे रवाना झाले. ज्या आगगाडीनें त्यांचा नाश केला तिनेंच त्यांना घरीं पोंचविलें!

परंतु सत्य लपविणें हा चरित्रलेखकाचा धर्म नव्हे. १९०६ सालीं याच प्राणिबागेंत काँगोमधील ओटा बेंगा नांवाच्या तरुणास माकडांच्या घरांत ठेवून लोकांस दाखविण्यांत आलें. कृष्णवर्णीय पाद्र्यांनीं तीव्र निषेध केल्यावर तें प्रदर्शन थांबलें. पशूंचा कैवार घेणाऱ्यास एका मनुष्याचा अपमान दिसूं नये, ही केवढी खेदाची गोष्ट! तसेंच १९०८ सालीं माँटानांत बायसनांसाठीं जी जमीन राखून ठेवली, ती सेलिश व कूटने लोकांच्या संमतीवांचून घेतलेली होती. ती त्यांस परत देण्याचा कायदा २०२० सालीं झाला.

हॉर्नडे ६ मार्च १९३७ रोजीं निवर्तले. पुढें १९५७ सालीं ती कांचेची पेटी उघडली, तेव्हां तळाशीं त्यांनीं ठेवलेलें पत्र निघालें. आपण मारलेल्या या प्राण्यांची नीट जपणूक करा, अशी विनंति त्यांनीं आपल्यामागून येणाऱ्यांस केली होती. २०१६ सालीं बायसन हा अमेरिकेचा राष्ट्रीय सस्तन प्राणी ठरला, व आज त्याचे कळप पुन्हां प्रेअरीवर चरत आहेत.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, झालेली चूक ध्यानीं येणें ही अर्धीच गोष्ट आहे. ज्या हातानें मोडलें त्याच हातानें जोडावयास लागणें, हें खरें कठीण काम. हॉर्नडे यांनीं तें एका बाबतींत केलें व दुसऱ्या बाबतींत केलें नाहीं. या दोन्ही गोष्टी आम्ही लक्षांत ठेवूं या.