नावाशिवाय मत नाही : सुकुमार सेन आणि प्रजासत्ताकाची पहिली मतदार यादी

नवी दिल्ली : स्वतंत्र भारताच्या पहिल्या मुख्य निवडणूक आयुक्तांनी आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांचे खासगी कागदपत्रही फारसे मागे उरलेले नाहीत. सुकुमार सेन यांना जाणून घ्यायचे तर त्यांनी घेतलेल्या निर्णयांकडेच वळावे लागते. त्यांतला एक निर्णय असा की, ज्या आयोगाने कोट्यवधी निरक्षरांच्या हाती मतपत्रिका दिली, त्याच आयोगाने सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद मतदार यादीतून वगळली.

सेन यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा, बंगालमधला. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि पुढे लंडन विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. गणितात त्यांनी सुवर्णपदक मिळवले होते. १९२१ मध्ये ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि बंगालच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत प्रशासक व न्यायाधीश म्हणून त्यांनी पाव शतकाहून अधिक काळ काम केले. फाळणीनंतर पश्चिम बंगालचे मुख्य सचिवपद त्यांच्याकडे आले. मार्च १९५० मध्ये त्यांना दिल्लीस बोलावण्यात आले, तेव्हा राज्यघटना अमलात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

ज्या पदावर ते बसले त्याची घडण घटना समितीत बऱ्याच विचारांती झाली होती. मूळ मसुद्यात राज्यांसाठी स्वतंत्र निवडणूक आयोग योजले होते. परंतु काही प्रांतांत भाषा, वंश वा संस्कृती वेगळी असलेल्या लोकांची नावे यादीबाहेर ठेवली जात असल्याच्या तक्रारी आल्या. १५ जून १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुरुस्ती मांडली आणि साऱ्या देशासाठी एकच आयोग असावा हे ठरले. नागरिकाचे नाव यादीत यावे की येऊ नये, हे स्थानिक सत्तेच्या मर्जीवर सोडायचे नाही, हा त्यामागचा हेतू होता. घटनेच्या ३२६व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार दिला, मात्र त्याला मूलभूत हक्कांच्या भागात स्थान मिळाले नाही. पहिली निवडणूक चालू असतानाच, १९५२ च्या आरंभी, सर्वोच्च न्यायालयाने मतदानाचा व उमेदवारीचा हक्क हा कायद्याने निर्माण झालेला हक्क असल्याचे स्पष्ट केले. साहजिकच या हक्काची सारी भिस्त यादीवर राहिली. जो यादीत नाही, त्याला मत नाही.

याद्यांचे काम सेन यांच्या नियुक्तीपूर्वीच, १९४८ पासून, घटना समितीच्या सचिवालयाने सुरू केले होते. फाळणीत घरदार गमावून आलेल्या निर्वासितांनी आपण येथेच कायम राहणार असल्याचे लिहून दिले तरी त्यांची नोंद घ्यावी, अशी सोय तेव्हा करण्यात आली होती. नागरिकत्वाच्या तरतुदी अजून अंतिम झालेल्या नसताना घेतलेला हा निर्णय धाडसाचाच म्हणायचा. याचे श्रेय सेन यांचे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या वाट्याला आले ते या कच्च्या याद्या पक्क्या करून प्रत्यक्ष मतदान घडवून आणण्याचे काम.

पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंना निवडणूक १९५१ च्या आरंभीच व्हावी असे वाटत होते. सेन यांनी थांबण्याची विनंती केली. एकवीस वर्षे पूर्ण झालेले १७ कोटींहून अधिक मतदार, त्यांतले शंभरांतील पंच्याऐंशी निरक्षर, लोकसभेच्या ४८९ आणि राज्य विधानसभांच्या तीन हजारांहून अधिक जागा, हा व्याप पाहिला की त्या विनंतीचे कारण कळते. याद्या टंकलिखित करून जुळवण्यासाठी १६,५०० कारकून सहा महिन्यांच्या करारावर नेमण्यात आले. सुमारे वीस लाख पोलादी मतपेट्या लागल्या. त्यांतल्या लाखो मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. ज्याला वाचता येत नाही त्याने मत कोणाला द्यायचे हे कसे ओळखावे? त्यासाठी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर निवडणूक चिन्ह लावण्यात आले. बैलजोडी, झाड, दिवा, हत्ती अशी ही चिन्हे रोजच्या पाहण्यातली होती. मतपत्रिकेवर खूण करण्याची गरज नव्हती. ती हव्या त्या पेटीत टाकली की झाले. एकाने दोनदा मत देऊ नये म्हणून भारतीय शास्त्रज्ञांनी तयार केलेली न पुसणारी शाई बोटाला लावण्यात आली.

यंत्रणेचा हा पसारा थक्क करणारा असला तरी सेन यांची खरी परीक्षा झाली ती यादीतल्या स्त्रियांच्या नोंदींपाशी. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेशातून आलेल्या याद्यांत असंख्य स्त्रियांना नावच नव्हते. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच नोंद. परक्या पुरुषासमोर स्वतःचे नाव उच्चारायचे नाही, ही तेथील रीत होती आणि नोंदणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी ती निमूटपणे लिहून घेतली होती. सेन यांनी ती मान्य करण्यास नकार दिला. प्रत्येक स्त्रीचे स्वतःचे नाव यादीत यावे, अन्यथा नोंद काढून टाकावी, असा त्यांचा आदेश होता. नावे भरून देण्यासाठी बिहारला खास एक महिन्याची मुदत देण्यात आली आणि तेथे तिचा चांगला उपयोग झाला. राजस्थानातही मुदत वाढवली गेली, पण प्रतिसाद तोकडा राहिला. अखेरीस देशातील सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळपास २८ लाख स्त्रिया यादीबाहेर गेल्या.

हा निर्णय कठोर होता. रीत या स्त्रियांनी घातली नव्हती, शिक्षा मात्र त्यांना झाली. अनेकींपर्यंत आयोगाचा आदेश पोहोचलाही नसेल. घरातल्या पुरुषांनी तो पोहोचू दिला नसेल. तरीही पर्याय काय होता, हे पाहावे लागते. केवळ कोणाची तरी पत्नी म्हणून नोंदलेल्या स्त्रीची मतदान केंद्रावर ओळख पटणे अवघड, आणि तिच्या जागी दुसऱ्याच कोणी मत देणे सोपे. शिवाय प्रजासत्ताकाच्या पहिल्याच यादीत तिला पुरुषाच्या नात्याने नोंदणे म्हणजे तिचे नागरिकत्व त्या पुरुषाकडे गहाण ठेवण्यासारखे होते. नाव विचारण्यासाठी घरोघर जाणे हे शासनाचे कर्तव्य मानले गेले होते. नाव सांगणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, ही सेन यांची भूमिका होती. नावे वगळल्यामुळे उठलेला गदारोळही त्यांना इष्टच वाटला. त्यामुळे पुढच्या निवडणुकीपूर्वी हा संकोच गळून पडेल, असा त्यांचा होरा होता.

मतदान २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचल प्रदेशातील चिनी तहसिलीत सुरू झाले. हिवाळ्यात बर्फाने वाटा बंद होण्याआधी तेथील मतदान उरकणे भाग होते. देशाच्या बहुतांश भागात ते १९५२ च्या पहिल्या दोन महिन्यांत झाले. लोकसभेसाठी सुमारे ४५ टक्के मतदारांनी हक्क बजावला. मत देण्याची सक्ती कायद्याने केलेली नव्हती. निकालांनी मोठमोठ्यांनाही वगळले नाही. निवडणूक आयोगाच्या रचनेत ज्यांचा निर्णायक वाटा होता, ते डॉ. आंबेडकर उत्तर मुंबईतून काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाले.

१९५३ मध्ये सुदानच्या पहिल्या संसदीय निवडणुकीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद सेन यांच्याकडे आले. त्या आयोगात सुदानी सदस्यांबरोबर ब्रिटन, इजिप्त आणि अमेरिकेचे प्रतिनिधी होते. पुढल्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९५७ ची दुसरी सार्वत्रिक निवडणूकही त्यांच्याच देखरेखीखाली झाली. तोवर मतदारांची संख्या १९ कोटींवर गेली होती, आणि पहिल्या खेपेच्या मतपेट्या जपून ठेवल्यामुळे खर्चात बचत झाली. याच निवडणुकीतून केरळमध्ये कम्युनिस्टांचे सरकार आले आणि सत्तांतर शांतपणे पार पडले.

डिसेंबर १९५८ मध्ये ते पदावरून निवृत्त झाले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या बर्दवान विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. १९६२ ची लोकसभा निवडणूक ही त्यांच्याविना झालेली पहिली. तीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवण्याची पद्धत मागे पडून एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली. त्या वेळी ६३ टक्के पुरुषांनी मतदान केले; स्त्रियांचे प्रमाण ४६ टक्क्यांच्या थोडे वर होते. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, सेन यांचे निधन झाले.