डोक्याच्या दुखापतीची व्यवस्था लावणारा सर्जन

मे १९३५. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगाला माहीत असलेले टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. मेंदूला जबर मार बसला आणि सहा दिवस बेशुद्धावस्थेत काढून ते दगावले. त्यांच्यावर उपचार करण्यासाठी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये मेंदूचे सर्जन ह्यू केर्न्स होते.

केर्न्स यांचा जन्म १८९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरीचा. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला आले, पुढे अमेरिकेत हार्वे कुशिंग यांच्याकडे मेंदूची शस्त्रक्रिया शिकले आणि १९३७ मध्ये ऑक्सफर्डमध्ये शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा मेंदूचे सर्जन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. ते जागोजागी विखुरले, तर जखमींना त्यांचा उपयोग होणार नाही, हे केर्न्स यांनी ओळखले. त्यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजात केवळ डोक्याच्या दुखापतींसाठी लष्करी रुग्णालय उभे राहिले. सर्जन, मेंदूविकारतज्ज्ञ आणि प्रशिक्षित परिचारिका एका छताखाली आल्या. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पुन्हा कामाला लावण्यापर्यंतची काळजी तिथे घेतली जाई. युद्ध संपेपर्यंत सुमारे १३ हजार रुग्णांवर तिथे उपचार झाले.

पण आघाडीवरचा जखमी ऑक्सफर्डला पोहोचेपर्यंत जखम चिघळायची. म्हणून केर्न्स यांनी फिरती शस्त्रक्रिया पथके तयार केली. सर्जन, भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि सगळी उपकरणे मोटारगाड्यांतून थेट रणभूमीजवळ जाऊ लागली. १९४३ मध्ये हॉवर्ड फ्लोरी यांच्यासोबत त्यांनी उत्तर आफ्रिकेत जखमी सैनिकांवर पेनिसिलिनचा वापरही तपासला.

तरीही सर्वोत्तम रुग्णालयापेक्षा दुखापत टाळणे सोपे, हे ते विसरले नाहीत. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे रस्त्यावर मृत्युमुखी पडल्याचे त्यांनी १९४१ मध्ये मांडले. हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त मात्र त्यांना मोजकेच आढळले आणि तेही वाचलेले. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या दुचाकीस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

१९५२ मध्ये कर्करोगाने केर्न्स यांचे निधन झाले. ब्रिटनमधील सामान्य मोटारसायकलस्वारांवर हेल्मेटसक्ती आली ती १९७३ मध्ये, म्हणजे त्यानंतर तब्बल २१ वर्षांनी. भारतातही दुचाकी चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही कायद्याने हेल्मेट बंधनकारक आहे. ते हँडलला अडकवून मात्र डोके वाचत नाही.