खेळाचे नियम आणि देशाचा कायदा

इंग्लंडमधील लेस्टर येथील फिरत्या फौजदारी न्यायालयापुढे १८७८ साली विल्यम ब्रॅडशॉ नावाचा एक फुटबॉलपटू आरोपी म्हणून उभा होता. आरोप सदोष मनुष्यवधाचा होता. त्या वर्षी फेब्रुवारीत ॲशबी-द-ला-झूश या गावी एक मैत्रीचा सामना झाला. हर्बर्ट डॉकर्टी हा खेळाडू चेंडू पायाशी खेळवीत प्रतिपक्षाच्या गोलाकडे निघाला असता ब्रॅडशॉ त्याला अडविण्यासाठी धावून आला. डॉकर्टीने चेंडू पुढे मारला. पण ब्रॅडशॉने उडी घेतली आणि त्याचा गुडघा डॉकर्टीच्या पोटावर आदळला. आतडे फाटल्यामुळे दुसऱ्या दिवशी डॉकर्टी मरण पावला. मैदानावर घडलेल्या या मृत्यूला अपघात म्हणावयाचे की गुन्हा, हे ज्यूरीला ठरवावयाचे होते. आणि ते कोणत्या कसोटीवर ठरवावे हे सांगण्याची जबाबदारी लॉर्ड जस्टिस ब्रॅमवेल यांच्यावर होती. क्रीडांगणावरील हिंसा आणि फौजदारी कायदा यांच्या संबंधाची चर्चा आजही त्यांच्या त्या दिवशीच्या विवेचनापाशी येऊन थांबते.

जॉर्ज विल्यम विल्शिअर ब्रॅमवेल यांचा जन्म १२ जून १८०८ रोजी लंडनमध्ये झाला. वडील एका खाजगी पेढीत भागीदार होते. शालेय शिक्षण संपताच मुलगा वडिलांच्या पेढीत कारकुनी करू लागला. विद्यापीठाची पायरी त्याने कधी चढली नाही. पण जमाखर्चाच्या वह्यांत त्याचे मन रमले नाही. १८३० मध्ये पेढी सोडून त्याने कायद्याच्या अभ्यासास प्रारंभ केला, काही वर्षे दावे-कैफियती लिहून देण्याचे रूक्ष काम केले आणि १८३८ साली तो बॅरिस्टर झाला. पेढीतील उमेदवारीचा एक संस्कार मात्र आयुष्यभर टिकला. प्रत्येक व्यवहारात लाभ कोणाचा आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न ब्रॅमवेल यांनी कधी नजरेआड होऊ दिला नाही.

आपल्याकडील दुकानांच्या आणि कारखान्यांच्या पाट्यांवर लिमिटेड हा शब्द सर्वत्र दिसतो. कंपनीच्या नावापुढे तो शब्द लावण्याच्या कल्पनेचे श्रेय ब्रॅमवेल यांना दिले जाते. व्यापारी कायद्याचा विचार करण्यासाठी १८५३ मध्ये नेमलेल्या आयोगाचे ते सदस्य होते. भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागापुरती मर्यादित असावी, मात्र कंपनीशी व्यवहार करणाऱ्याला ही मर्यादा आधी ठाऊक असावी, अशी त्यांची भूमिका होती. १८५५ मध्ये मर्यादित जबाबदारीचा कायदा झाला. जाणत्या माणसाने धोका पत्करला तर परिणामही त्यानेच भोगावा. मात्र धोका त्याच्यापासून लपविलेला नसावा. ब्रॅमवेल यांच्या विचारांचे सार इतक्या थोडक्यात सांगता येते.

१८५६ मध्ये ते एक्स्चेकर न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८६२ सालच्या बॅमफर्ड विरुद्ध टर्नली या दाव्यातील त्यांचे निकालपत्र अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना आजही परिचित आहे. शेजारच्या वीटभट्टीच्या धुराने हैराण झालेल्या घरमालकाचा तो दावा. विटा समाजाला हव्यात, म्हणून शेजाऱ्याने धूर सोसावा, हा युक्तिवाद ब्रॅमवेल यांनी फेटाळला. एखादा उद्योग खरोखर लोकहिताचा असेल, तर ज्यांचे नुकसान झाले त्यांची भरपाई करूनही त्यात फायदा उरला पाहिजे. तो उरत नसेल तर लोकहिताचे नाव पुढे करण्यात अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे होते. फौजदारी न्यायाधीश म्हणून ते कठोर समजले जात. शिक्षेच्या भयाने मनुष्य स्वतःला आवरतो यावर त्यांचा विश्वास होता. अनिवार आवेग ही सबब त्यांना मान्य नव्हती. खेळाच्या भरात हात उठला, एवढ्यावर असा न्यायाधीश समाधान मानणार नाही, हे उघड होते.

ब्रॅडशॉचा खटला उभा राहिला तेव्हा असोसिएशन फुटबॉलचे लिखित नियम अवघे पंधरा वर्षांचे होते. १८६३ साली ते ठरत असताना प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्याची मुभा असावी की नाही, यावरून मोठा वाद झाला होता. ती मुभा नाकारली गेली आणि एक क्लब संघटनेतून बाहेर पडला. म्हणजे किती हिंसा खेळात बसते, हे स्वतः खेळाडूच अजून ठरवीत होते. ब्रॅडशॉच्या वेळी प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांत एकमत नव्हते. काहींना ती धडक गैर वाटली. उलट, सामन्यातील एका पंचाने त्यात वावगे काही झाले नाही, अशी साक्ष दिली.

बचावाला सोयीची भूमिका अशी होती की, धडक नियमात बसत असेल तर गुन्ह्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ब्रॅमवेल यांनी ती स्वीकारली नाही. जे देशाच्या कायद्याने बेकायदा आहे ते कोणत्याही खेळाच्या नियमाने किंवा प्रघाताने कायदेशीर होत नाही, असे त्यांनी ज्यूरीला स्पष्ट बजावले. दोन माणसांनी आपखुशीने प्राणघातक शस्त्रे घेऊन लढावयाचे ठरविले तरी होणारा वध क्षम्य ठरत नाही. मग कोणत्या संघटनेने कोणते नियम छापले आहेत, यावर न्यायालय कसे विसंबून राहील? परंतु एवढ्यावर ते थांबले नाहीत. खेळाडू नियमांच्या आणि प्रघाताच्या मर्यादेत खेळत असेल, तर त्याच्या मनात दुष्ट हेतू नव्हता असे मानणे रास्त आहे, हेही त्यांनी सांगितले. याचा अर्थ असा की, नियम हा परवाना नव्हे, तो पुरावा आहे. निर्णायक प्रश्न मनाचा होता. आरोपीला गंभीर इजा करावयाची होती काय, किंवा तशी इजा होईल हे ठाऊक असून त्याने त्याची पर्वा केली नाही काय? मर्दानी खेळांना कमी लेखण्याची आपली इच्छा नाही, असे सांगण्यासही ते विसरले नाहीत. ज्यूरीने ब्रॅडशॉला निर्दोष ठरविले.

हे उत्तर गुळमुळीत आहे, असा आक्षेप घेता येईल. पण त्याला धार होती, हे वीस वर्षांनी दिसले. १८९८ मध्ये लेस्टर येथेच मूर नावाच्या खेळाडूवर तसाच खटला झाला. त्याने पाठीमागून दोन्ही गुडघे वर घेऊन प्रतिस्पर्ध्यावर उडी घेतली होती. तो गोलरक्षकावर आदळला आणि पुढे मरण पावला. या वेळी ज्यूरीने आरोपीला दोषी ठरविले. खेळ तोच आणि परिणामही तोच. तरीही निकाल वेगळा लागला.

ब्रॅमवेल यांच्या चरित्रातील सर्वांत बोचरा प्रसंग मात्र क्रीडांगणाबाहेरचा आहे. १८८१ मध्ये ते निवृत्त झाले. पुढच्या वर्षी त्यांना उमरावपद मिळाले आणि हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये ते अपिले ऐकू लागले. १८९१ मध्ये तेथे स्मिथ विरुद्ध बेकर हे प्रकरण आले. खडकाला भोके पाडणाऱ्या मजुराच्या डोक्यावरून क्रेनने दगड नेले जात. एक दगड पडून तो जबर जखमी झाला. धोका ठाऊक असूनही तो कामावर राहिला, तेव्हा त्याने धोका स्वीकारलाच, असा मालकाचा बचाव होता. बहुसंख्य न्यायाधीशांनी तो फेटाळला. धोका माहीत असणे म्हणजे त्याला संमती देणे नव्हे, असे त्यांनी ठरविले. विरुद्ध मत देणारे होते वृद्ध ब्रॅमवेल.

एक प्रकरण फौजदारी आणि दुसरे भरपाईचे, हा फरक खराच. तरीही दोहोंच्या मुळाशी संमतीचाच प्रश्न आहे. रविवारी मैदानात उतरणारा खेळाडू हौसेने उतरतो. उद्या त्याने खेळ सोडला तर त्याच्या घरची चूल विझत नाही. अशा माणसाच्याही संमतीला मर्यादा आहे, हे ब्रॅमवेल यांनी १८७८ मध्ये ओळखले. क्रेनखाली वाकलेला मजूर पोटासाठी तेथे असतो. त्याची संमती किती तोकडी आहे, हे मात्र त्यांना दिसले नाही. करारातील दोन्ही पक्ष समान बळाचे असतात, हे त्यांच्या काळातील अर्थशास्त्राचे आवडते गृहीतक त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. आज खेळ हाच लाखोंचा व्यवसाय झाला आहे. धोका नाकारणाऱ्या खेळाडूला संघातील जागा गमवावी लागते. म्हणजे आजचा खेळाडू ॲशबीच्या हौशी खेळाडूपेक्षा त्या मजुराच्या अधिक जवळ आहे. त्याची संमती मोजताना ब्रॅमवेल यांचे १८७८ चे मत आणि १८९१ सालचे त्यांच्या विरोधात गेलेले मत, दोन्ही हाताशी ठेवावी लागतील.

भारतात हा प्रश्न ब्रॅडशॉच्या खटल्यापूर्वीच कायद्याच्या पुस्तकात आला होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ८७ व्या कलमाखाली तलवारबाजीचे उदाहरण आहे. दोघांनी करमणुकीसाठी तलवारबाजी खेळण्याचे ठरविले, तर लबाडी न करता खेळताना होणारी इजा सोसण्याची संमती त्यात गृहीत धरली आहे. मात्र मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडविण्याचा हेतू, किंवा ती घडण्याचा संभव असल्याची जाणीव असेल, तर हे संरक्षण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २५ व्या कलमात हेच तत्त्व कायम आहे. इंग्लंडमध्येही न्यायालये पुढे याच वाटेने गेली. १८८२ मध्ये बक्षिसासाठी उघड्या मुठींनी होणाऱ्या झुंजीत संमतीचा बचाव अमान्य झाला. १९७८ मध्ये चेंडू जवळ नसताना ठोसा मारून प्रतिस्पर्ध्याचा जबडा मोडणारा रग्बी खेळाडू दोषी ठरला. २००४ मध्ये अपील न्यायालयाने असे सांगितले की, खेळाच्या संघटनांना स्वतःची शिस्तयंत्रणा असते. म्हणून फौजदारी खटला गंभीर प्रकारांसाठीच राखून ठेवावा.

९ मे १८९२ रोजी ब्रॅमवेल यांचे निधन झाले. मैदानावरील प्रत्येक धडक पोलिसांच्या दप्तरी जाऊ लागली तर खेळ संपेल. मैदानाची चुन्याची रेघ ही कायद्याची सीमा मानली तर दांडगाई माजेल. या दोहोंमधील वाट एका फुटबॉलपटूचा न्याय करताना त्यांनी आखून दिली. वीटभट्टीच्या दाव्यात त्यांनी जे विचारले तेच येथेही विचारता येते. खेळ साऱ्या गावाला हवा असेल. पण त्याची किंमत एखाद्या डॉकर्टीने प्राण देऊन का मोजावी, हे विचारण्याचा अधिकार पंचाची शिट्टी वाजल्यानंतरही कायद्याकडे शिल्लक राहतो.