फादर मातेओ रिच्ची : परभाषेचे विद्यार्थी

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त, परक्या भाषेपुढें शिष्य होऊन बसण्यांत ज्यांनीं कमीपणा मानिला नाहीं, अशा एका धर्मगुरूंचें अल्पचरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

फादर मातेओ रिच्ची यांचा जन्म ६ ऑक्टोबर १५५२ रोजीं इटलींतील माचेराता गांवीं झाला. १५७१ सालीं ते येशूसंघांत दाखल झाले व १५७८ च्या सप्टेंबरांत गोव्यास उतरले. पुढील वर्षीं, ख्रिस्तपुराणाचे कर्ते म्हणून आम्हां मराठी ख्रिस्ती जनांस परिचित असलेले फादर स्टीफन्सही तेथेंच आले. १५८० सालीं कोची येथें रिच्ची यांस गुरुदीक्षा मिळाली. एतद्देशीय विद्यार्थ्यांस तत्त्वज्ञान व ईश्वरज्ञान यांचें उच्च शिक्षण नाकारण्यांत येऊं लागलें, तेव्हां १५८१ सालीं गोव्याहून पत्र धाडून त्यांनीं स्पष्ट नापसंती कळविली.

१५८२ सालीं ते मकावला पोहोंचले. तेथें त्यांचे सहकारी फादर रुज्जेरी आधींपासून चिनी शिकत होते. हातीं ना कोश, ना व्याकरण! रुज्जेरी यांचा पहिला शिक्षक एक चित्रकार होता; तो वस्तूचें चित्र काढून तिचें चिनी नांव सांगे. अशा श्रमांतून या उभयतांच्या नांवें ओळखला जाणारा पोर्तुगीज-चिनी शब्दकोश सिद्ध झाला. त्यांत पोर्तुगीज शब्द, रोमन लिपींत चिनी उच्चार व चिनी अक्षरें अशीं शेजारीं शेजारीं मांडिलीं होतीं.

परंतु एक उणीव राहिली. चिनी भाषेंत ‘मा’ हा उच्चार सुराच्या भेदानें कधीं आई, तर कधीं घोडा असा अर्थ देतो. कोशांत सुरांच्या खुणा नव्हत्या. १५९८ च्या सुमारास, संगीताचा उत्तम कान असलेले फादर कात्तानेओ यांच्या साहाय्यानें रिच्ची यांनीं पांच सुरांसाठीं खुणा ठरविल्या. मागून येणाऱ्यांची वाट त्यामुळें सुगम झाली.

११ मे १६१० रोजीं पेकिंग येथें त्यांनीं देह ठेविला. बादशहानें दफनासाठीं जागा दिली. कोश मात्र विस्मृतींत गेला, तो १९३४ सालीं रोमच्या दफ्तरांत सांपडला. २०२२ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं रिच्ची यांस वंदनीय घोषित केलें.

आमच्या जालना जिल्ह्यांत मराठी, हिंदी व उर्दू शेजारीं नांदतात. परप्रांतांतून आलेला कोणी अडखळत मराठी बोलूं लागला, तर त्यास हंसण्यापूर्वीं आपण त्या चित्रकाराचें स्मरण करावें. शिकणाऱ्याच्या नम्रतेस शिकविणाऱ्याचा धीर मिळाला, म्हणूनच तो कोश झाला.